'पर्ज' : शुद्धी कोणाची, हकालपट्टी कोणाची?

इंग्रजीतील 'पर्ज' हा शब्द उच्चारायला क्षणभर पुरतो. पण त्याचा संसार फार मोठा आहे. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत तो रेचकासाठी येतो, न्यायालयाच्या आदेशात अवमानाच्या परिमार्जनासाठी येतो, धर्मचर्चेत आत्म्याच्या शुद्धीसाठी येतो. वृत्तपत्राच्या मथळ्यात तो राजकीय पक्षातील हकालपट्टी सांगतो आणि बँकेच्या संगणक विभागात जुनी माहिती कायमची काढून टाकण्याच्या कामालाही तेच नाव असते. पोट, शपथ, आत्मा, पक्ष आणि संगणक या पाच गोष्टींत एरवी काहीही साम्य नाही. तरीही त्यांना साफ करण्यासाठी इंग्रजी भाषेने एकच क्रियापद वापरले. ते असे घरोघरी कसे फिरले आणि फिरता फिरता त्याचा स्वभाव कसा पालटला, हे पाहणे केवळ भाषेच्या कुतूहलापुरते राहत नाही. शुद्धीच्या नावाखाली माणसे काय काय करतात, याची एक लांबलचक खतावणीच या एका शब्दात दडलेली आहे.

धातूंचे नाते

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'पुर्गारे' या क्रियापदात आहे. जुन्या लॅटिनमध्ये त्याचे 'पूरिगारे' असे लांब रूप आढळते आणि त्यावरून त्याची घडण उलगडते. 'पूरुस' म्हणजे शुद्ध. 'आगेरे' म्हणजे हाकणे, चालवणे, एखादी गोष्ट घडवून आणणे. या दोहोंच्या जोडीतून 'शुद्ध करणे' हा अर्थ सिद्ध झाला. जुन्या फ्रेंच भाषेच्या वाटेने तो इंग्लंडात पोहोचला आणि इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजी लेखनात दिसू लागला.

'आगेरे'ची हीच जोड आणखी काही परिचित शब्दांत सापडते. 'नाविस' म्हणजे नौका; ती हाकणे म्हणजे 'नेव्हिगेट' करणे. 'फूमुस' म्हणजे धूर. धुरी देणे म्हणजे 'फ्युमिगेट' करणे. निर्यातीच्या कागदपत्रांत फ्युमिगेशनचा दाखला तपासणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना हा शब्द रोजचाच. दावा चालवणे म्हणजे 'लिटिगेट' करणे. या कुटुंबातील 'कॅस्टिगेट' हा शब्द विशेष लक्षणीय आहे. 'कास्टुस' म्हणजेही शुद्धच. म्हणजे 'कॅस्टिगेट'चाही मूळ अर्थ शुद्ध करणे असाच होता. आज मात्र त्याचा अर्थ कठोर शब्दांत फैलावर घेणे, शिक्षा करणे असा आहे. शुद्ध करायला निघालेला हात शिक्षेकडे किती सहज वळतो, याची पहिली खूण इथे मिळते.

हे शब्द भारतीय कानाला अगदीच परके वाटू नयेत. लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुलातील बहिणी आहेत. 'नाविस'चे नाते आपल्याकडील 'नौ'शी आहे, 'फूमुस'चे 'धूम'शी. 'पूरुस' शब्द ज्या मुळातून आला, त्याच मुळातून संस्कृतातील 'पू' हा धातू आला. पवित्र, पावन, पूत, पवन, पावक ही सारी त्याचीच लेकरे. आणि 'आगेरे'चे संस्कृत भावंड म्हणजे 'अज्' हा धातू. त्याचाही अर्थ हाकणे असाच. या धातूला 'सम्' हा उपसर्ग लागला की शब्द होतो 'समाज'. सम्यक् हाकून एकत्र आणलेला तो समाज. जुन्या वैयाकरणांनी इथे एक नाजूक भेदही केला आहे : पशूंच्या कळपाला 'समज' म्हणावे आणि माणसांच्या समुदायाला 'समाज'. 'उद्' हा उपसर्ग लागून होणारा 'उदज' हा शब्द मात्र गुरे बाहेर हाकण्यासाठी आहे. एकच धातू एकत्रही आणतो आणि बाहेरही घालवतो; उपसर्ग कोणता लावायचा एवढाच प्रश्न. 'पर्ज' या शब्दाची पुढची सारी कहाणी या प्रश्नाभोवतीच फिरते.

औषधाची मात्रा

युरोपीय वैद्यकाने हा शब्द फार प्राचीन काळापासून जवळ केला. हिपोक्रेटिसच्या परंपरेने शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस मानले. त्यांचा तोल बिघडला की आजार, आणि वाढलेला रस बाहेर काढला की आरोग्य, असा तो सिद्धांत होता. या शुद्धीला ग्रीक भाषेत 'कॅथार्सिस' म्हणत. शोकांतिका पाहून प्रेक्षकाच्या मनातील करुणा आणि भय यांचे जे होते, त्यासाठी ॲरिस्टॉटलने हाच वैद्यकीय शब्द घेतला. आणि भारतीय समीक्षकांनी त्यासाठी 'विरेचन' हा आयुर्वेदाचा शब्द योजला, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

वनस्पतींच्या नावांतही या शब्दाचे ठसे उमटले आहेत. निवडुंगासारख्या चिकाच्या वनस्पतींना इंग्रजीत 'स्पर्ज' म्हणतात; तो शब्द 'बाहेर काढून शुद्ध करणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरूनच आला. वैशाखात पिवळ्या झुंबरांनी लगडणारा बहावा इंग्रजीत 'पर्जिंग कॅशिया' म्हणूनही ओळखला जातो. गंमत अशी, की आयुर्वेदाने या दोहोंत मात्रेचा भेद स्पष्ट करून ठेवला आहे. बहाव्याच्या शेंगेतील गर मृदू विरेचनासाठी श्रेष्ठ, तर स्नुहीचा, म्हणजे निवडुंगाचा, चीक अतितीक्ष्ण, जपून वापरण्याचा.

आयुर्वेदाने विरेचन ही पंचकर्मांपैकी एक क्रिया मानली. पण तिच्याभोवती बंधनांची भक्कम भिंत उभी केली. आधी स्नेहन आणि स्वेदन, मगच विरेचन. नंतर पेजेपासून हळूहळू नेहमीच्या आहाराकडे नेणारा संसर्जन क्रम. बालक, वृद्ध, दुर्बल आणि गर्भवती यांच्या बाबतीत ही क्रिया वर्ज्य किंवा फारच जपून. शुद्धी अपुरी झाली तर अयोग, अति झाली तर अतियोग. आणि अतियोगाचे परिणाम मूळ आजाराहून भयंकर. कोणाला द्यायचे, किती द्यायचे आणि कुठे थांबायचे, हे कळल्याखेरीज शोधनाला हात घालू नये, असा हा दंडक होता.

हा दंडक सुटला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने पाहिले. १७९३ साली तिथे पीतज्वराची साथ आली आणि सुमारे पन्नास हजारांच्या त्या शहरातील पाच हजारांच्या आसपास माणसे दगावली. बेंजामिन रश हे त्या काळचे थोर वैद्य. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. साथीच्या काळात अनेक जण शहर सोडून गेले. रश रुग्णांपाशी थांबले. त्यांच्या धैर्याविषयी शंका नाही. पण उपाय म्हणून त्यांनी कॅलोमेल हा पाऱ्याचा क्षार आणि जलाप हे मेक्सिकोतील हालापा गावाच्या नावाने ओळखले जाणारे मूळ यांची जबरदस्त मात्रा दिली. जोडीला रक्तही काढले. रोग उतरला नाही की मात्रा कमी पडली असे समजून ती वाढवायची, हा त्यांचा तर्क. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावे लागले. ज्या गोष्टीचा पोटाशी संबंधच नव्हता, तिच्यासाठी अशक्त रुग्णांची पोटे रिकामी केली जात होती. रुग्ण बरा झाला तर श्रेय औषधाला आणि दगावला तर दोष रोगाला, असा हिशेब असला की चूक ताळेबंदात कधी दिसतच नाही.

याच रश यांच्या गोळ्या पुढे १८०४ साली पश्चिमेकडे निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या प्रसिद्ध मोहिमेनेही बरोबर घेतल्या होत्या. एक-दोन नव्हे, पन्नास डझन! जवळजवळ दोनशे वर्षांनी मोंटाना राज्यातील त्यांच्या एका मुक्कामाच्या जागेचा शोध घेताना संशोधकांना जमिनीत पाऱ्याचा अंश सापडला आणि त्यावरून तळाची जागा निश्चित करायला मदत झाली. शरीरातील मळ काढण्यासाठी घेतलेले औषधच मागे विष ठेवून गेले होते.

शपथेने धुतलेले नाव

इंग्रजीत 'पर्ज' शब्दाचा एक अगदी जुना अर्थ कायद्यातला आहे : आरोपातून स्वतःला मुक्त करणे. मध्ययुगीन इंग्लंडात साक्षीपुराव्याची आजच्यासारखी व्यवस्था नव्हती. आरोप झालेल्या माणसाने देवाची शपथ घेऊन तो नाकारायचा आणि त्याच्या शब्दावर विश्वास असणाऱ्या शेजाऱ्यांनी पाठोपाठ शपथ घ्यायची, अशी एक रीत होती. या सहशपथींना 'कॉम्पर्गेटर' म्हणत. म्हणजे शुद्ध होण्यात साथ देणारे. घटना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असण्याची गरज नव्हती. हा माणूस खोटी शपथ घेणारा नाही, एवढीच ग्वाही ते देत.

कर्जाच्या दाव्यांतही ही पद्धत चाले. ऋणकोने 'मी काही देणे लागत नाही' अशी शपथ घ्यायची आणि आपल्यासह बारा जणांची संख्या पुरी होईल एवढे अकरा शेजारी उभे करायचे, की सावकाराचा दावा संपला! आजच्या बँक अधिकाऱ्याला हे ऐकून घाम फुटेल. आजचा जामीनदार सही करतो तेव्हा वेळप्रसंगी स्वतःच्या खिशातून पैसे भरण्याची जबाबदारी घेतो. त्या काळचा सहशपथी फक्त आपली पत आणि आपला परलोक पणाला लावत असे. जोवर सारे गाव एकमेकांना ओळखत होते आणि खोट्या शपथेचे भय खरे होते, तोवर ही पद्धत निभावली. शहरे वाढली, ओळखी विरळ झाल्या आणि पैसे घेऊन शपथ घेणारेही मिळू लागले, तेव्हा तिच्यातला प्राण गेला. १६०२ च्या 'स्लेड' खटल्यातील निर्णयाने धनकोंना वेगळ्या प्रकारचा दावा लावून ही शपथ टाळण्याची वाट मोकळी झाली आणि १८३३ साली ती कायद्यानेच रद्द झाली.

मात्र या अर्थाची एक फांदी अजून हिरवी आहे. न्यायालयाचा अवमान करणाऱ्याने आज्ञा पाळली किंवा मनापासून क्षमा मागितली, तर त्याने आपला अवमान 'पर्ज' केला असे म्हणतात. भारतातील १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यातही न्यायालयाचे समाधान होईल अशी माफी मागितल्यास शिक्षा माफ करण्याची तरतूद आहे. आणि प्रामाणिकपणे मागितलेली माफी केवळ सशर्त आहे म्हणून नाकारू नये, असेही त्यात स्पष्ट केले आहे. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे क्षालन दुसऱ्या कोणालाही करून देता येत नाही. वकील युक्तिवाद करील, नातेवाईक दंड भरतील. पण क्षमा ज्याची त्यालाच मागावी लागते.

शुद्धीचा बाजार

धर्माच्या क्षेत्रात या शब्दाने 'पर्गेटरी' ही संज्ञा दिली. स्वर्गाला पात्र असलेले, पण काही दोष अजून शिल्लक असलेले आत्मे जिथे तावून सुलाखून निघतात, अशी ती मधली अवस्था. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाम रूढ झाले, १२७४ च्या ल्यों येथील धर्मपरिषदेने या कल्पनेला अधिकृत मान्यता दिली आणि चौदाव्या शतकात दान्तेने आपल्या महाकाव्यात तिला सात पायऱ्यांच्या पर्वताचे रूप दिले. त्या पर्वतावरचे आत्मे यातना सोसतात. पण त्या सोसण्यात आशा आहे, कारण प्रत्येक जण स्वतःचाच भार उतरवत वर चढतो आहे.

पण शुद्धीची गरज आहे म्हटल्यावर तिचा व्यापार सुरू व्हायला वेळ लागत नाही. पापांच्या दंडातून सूट देणारी 'क्षमापत्रे' पैशांच्या बदल्यात दिली जाऊ लागली. जर्मनीतील माइन्झचा धर्माध्यक्ष आल्ब्रेख्ट याने आपले पद मिळवण्यासाठी आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी घराण्याकडून मोठे कर्ज घेतले होते. ते फेडण्याची सोय अशी झाली, की क्षमापत्रांच्या विक्रीतून येणारी निम्मी रक्कम रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामाकडे जाईल आणि निम्मी फुगरांच्या कर्जखात्यात जमा होईल. श्रद्धाळू माणसाला वाटे की पैसे दिवंगत आईबापांच्या शुद्धीसाठी जात आहेत. प्रत्यक्षात त्यातून एका पदाचा हप्ता फिटत होता. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या ९५ मुद्द्यांमागे हाच संताप होता. पैसे मोजून दुसऱ्याकडून करून घेता येईल ती शुद्धी कसली, हा त्याचा प्रश्न पुढे सारा युरोप ढवळून गेला.

शुद्धी करण्याचा हा उत्साह ग्रंथांपर्यंतही पोहोचला. 'एक्सपर्गेट' म्हणजे पुस्तकातील आक्षेपार्ह भाग गाळणे. इंग्लंडात थॉमस बाउडलर आणि त्याची बहीण हेन्रिएटा यांनी कुटुंबात मोठ्याने वाचता यावी अशी शेक्सपियरच्या नाटकांची आवृत्ती तयार केली. १८०७ मध्ये तिच्यात वीस नाटके होती आणि १८१८ मध्ये ती दहा खंडांची झाली. हेतू चांगलाच होता. पण आज 'बाउडलराइझ' हा शब्द सोवळेपणाने केलेल्या काटछाटीसाठी उपहासाने वापरला जातो. शेक्सपियर राहिला, चाळणी धरणाऱ्याचे नाव मात्र थट्टेचा विषय झाले.

माणसेच 'मळ' ठरली तेव्हा

इथवर ज्याला शुद्ध करायचे ते एक शरीर, एक नाव, एक आत्मा किंवा एक पुस्तक होते. १६४८ च्या डिसेंबरात या क्रियापदाचे कर्म बदलले. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्याशी वाटाघाटी चालू ठेवाव्यात असा कौल संसदेने दिला होता. सैन्याला तो मान्य नव्हता. ६ डिसेंबरच्या सकाळी कर्नल थॉमस प्राइड हातात यादी घेऊन संसदेच्या दारात सैनिकांसह उभा राहिला. नको असलेल्या सभासदांना तिथेच अडवण्यात आले, चाळीसहून अधिक जणांना अटक झाली. इतिहासात या प्रसंगाला 'प्राइड्स पर्ज' म्हणतात. उरलेल्या संसदेला लोकांनी 'रम्प' असे नाव ठेवले. म्हणजे जनावराचा शेपटीकडचा भाग. त्या उरलेल्यांनी राजावर खटला उभारला आणि ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला. चार वर्षांनी क्रॉमवेलने त्या शुद्ध करून घेतलेल्या संसदेलाही सैनिक आणून घरी पाठवले. जी शक्ती दारात उभी राहून निवड करते, तिला अखेरीस कोणीच पुरेसे शुद्ध वाटत नाही.

विसाव्या शतकात सोव्हिएत रशियाने याच शब्दाला सर्वांत भीषण अर्थ दिला. रशियन भाषेत त्यासाठी 'चिस्तका' असा साधा, घरगुती शब्द आहे, अर्थ साफसफाई. १९२१ साली पक्षातून संधिसाधू लोक काढून टाकण्यासाठी अशी साफसफाई झाली, तेव्हा शिक्षा म्हणजे सभासदत्वाचे कार्ड परत घेणे एवढीच होती. १९३६ ते १९३८ या काळात स्टालिनच्या राजवटीत तोच शब्द मृत्यूचा झाला. सरकारी दप्तरातील आकड्यांनुसार १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. कोणत्या प्रांतात किती जणांना गोळ्या घालायच्या आणि किती जणांना छावणीत धाडायचे, याची उद्दिष्टे मॉस्कोहून ठरवून दिली जात. आणि उद्दिष्ट वाढवून मागणारे अधिकारीही निघाले. ख्रुश्चेव्ह यांनी १९५६ साली जे सांगितले त्यानुसार, १९३४ च्या पक्ष अधिवेशनाने निवडलेल्या केंद्रीय समितीच्या १३९ सभासदांपैकी आणि पर्यायी सभासदांपैकी ९८ जणांना अटक करून ठार मारण्यात आले. अधिवेशनाच्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना अटक झाली.

हिशेबाशी आयुष्यभर संबंध आलेल्यांनी लक्षात ठेवावी अशी एक घटना याच काळातली आहे. जानेवारी १९३७ मध्ये तिथे जनगणना झाली. लोकसंख्या सुमारे १६ कोटी २० लाख भरली. ती राज्यकर्त्यांच्या अपेक्षेहून बरीच कमी होती, कारण दुष्काळात बळी गेलेली माणसे मोजणीला हजर राहू शकत नव्हती. सरकारने जनगणनाच रद्द केली आणि ती करणाऱ्या वरिष्ठ संख्याशास्त्रज्ञांना अटक झाली. काहींना मृत्युदंडही मिळाला. बेरीज बरोबर होती, हाच त्यांचा अपराध.

आणि साफसफाई करणाऱ्यांचे काय झाले? गुप्त पोलिसांचा प्रमुख यागोदा १९३८ साली गोळीला बळी पडला. त्याच्या जागी आलेला येझोव्ह १९४० मध्ये त्याच वाटेने गेला. त्यानंतरचा बेरिया १९५३ मध्ये. झाडू हाती धरणाऱ्या तिघांनाही एकेक करून केरात टाकण्यात आले.

या शब्दाच्या वळणाचा शेवट तिथेही झाला नाही. १९९२ साली बोस्नियातील युद्धाबरोबर 'एथ्निक क्लीन्सिंग' हा शब्दप्रयोग जगभर पसरला. तो तिथल्याच भाषेतील शब्दांचा अनुवाद होता आणि त्यातील साफसफाईसाठीचा 'चिश्चेन्ये' हा शब्द रशियन 'चिस्तका'चा सख्खा भाऊ आहे. गावेच्या गावे एका वंशाच्या माणसांपासून 'स्वच्छ' करण्यात आली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. 'हत्या' म्हटले की ऐकणारा दचकतो. 'स्वच्छता' म्हटले की मान डोलावतो. म्हणूनच हत्येला स्वच्छतेचे नाव लागते.

नोंद ठेवून केलेला नाश

या रक्तलांछित इतिहासानंतर संगणकाच्या जगातील 'पर्ज' अगदी निरुपद्रवी वाटतो. तरीही त्याची शिस्त पाहण्यासारखी आहे. बँकेत जुनी माहिती काढून टाकणे आवश्यकच असते. नाहीतर यंत्रणा मंदावते आणि जागा अपुरी पडते. पण कोणाला वाटले म्हणून काहीही काढता येत नाही. अभिलेख जतन करण्याविषयीचे १९८५ चे नियम काही दप्तरांसाठी किमान पाच वर्षांची, तर खातेवह्यांसारख्या दप्तरांसाठी किमान आठ वर्षांची मुदत घालून देतात. न्यायालयात किंवा चौकशीत असलेल्या खात्याचा कागद मुदत संपली तरी हलवता येत नाही. नष्ट करायच्या दप्तराची यादी होते, तिला वरिष्ठांची मंजुरी लागते आणि काय नष्ट केले याची नोंद मात्र जपून ठेवली जाते.

मुदत, मंजुरी आणि नोंद या तीन गोष्टी एका जुन्या व्हाउचरच्या वाट्याला येतात. स्टालिनच्या राजवटीत गोळ्या घातलेल्या लाखो माणसांच्या वाट्याला धड सुनावणीही आली नाही. त्यांच्या कुटुंबीयांना पुढे कित्येक वर्षे मृत्यूची खरी तारीखसुद्धा कळवली गेली नाही.

मराठीतली साफसफाई

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही, कारण मराठीनेही हीच वाट चोखाळली आहे. घर 'साफ' करतात आणि टोळीचा 'सफाया' करतात. शब्द एकाच घरातले. 'शुद्धी' या शब्दाची कथाही तशीच. शुद्धलेखन, शुद्धिपत्र, चित्तशुद्धी हे त्याचे सात्त्विक अवतार. पण जातपंचायतीने कोणाला वाळीत टाकावे, त्याच्या घरचे लग्नकार्य अडवावे, मयताला खांदा द्यायला कोणी जाऊ नये असा हुकूम काढावा आणि पुढे दंड भरून घेऊन त्याला 'शुद्ध' करून घ्यावे, हेही याच महाराष्ट्रात घडत आले. बहिष्काराविरुद्धचा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. सामाजिक बहिष्कार घालणाऱ्याला त्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जातीची शुद्धता राखण्यासाठी सख्ख्या भावाचे दार बंद करणे हा धर्म नसून गुन्हा आहे, हे सांगण्यासाठी कायदा करावा लागला.

वास्तविक भारतीय परंपरेने शुद्धीचा रोख स्वतःकडेच ठेवला होता. निर्जरा होते ती ज्याच्या त्याच्या कर्माची. आलोचना करायची ती स्वतःच्या दोषांची. एकाने उपवास करावा आणि दुसऱ्याचे कर्म झडावे, अशी सोय तिथे नाही. विरेचन घ्यायचे ते ज्याचे पोट बिघडले त्याने. क्षमा मागायची ती ज्याने अवमान केला त्याने. 'पर्ज' या शब्दाचे जे अर्थ माणसाला उपकारक ठरले, त्या सर्वांत करणारा आणि ज्यावर क्रिया होते तो एकच आहे. कर्ता एक आणि कर्म दुसरा माणूस झाला, तिथून पुढे या शब्दाने केवळ घरे उजाड केली.

म्हणून संस्था, मंडळ, गाव किंवा पक्ष 'साफ' करण्याची भाषा कानी पडली, की तीन साधे प्रश्न विचारावेत. मळ कोणता, हे कोणी ठरवले? ज्याला काढायचे आहे त्याचे म्हणणे कोणी ऐकले का? आणि केलेल्या कृतीची नोंद उद्या कोणालाही पाहता येईल अशी ठेवली आहे का? दोष असलेल्या माणसाला पदावरून दूर करणे कधी कधी आवश्यकच असते. हिशेबात अफरातफर करणाऱ्याला खुर्चीत ठेवून संस्था टिकत नाही. पण तिथे दोष सिद्ध व्हावा लागतो, बचावाची संधी द्यावी लागते आणि शिक्षा दोषापुरतीच असावी लागते. या प्रश्नांची उत्तरे मिळत असतील, तर ते शोधन आहे. मिळत नसतील, तर तो केवळ कळप हाकण्याचा प्रकार आहे. आणि कळपासाठी वैयाकरणांनी 'समज' हा वेगळा शब्द ठेवलेलाच आहे. 'समाज' हा शब्द त्यांनी माणसांसाठी राखून ठेवला.